डिप्रेशनच्या गोळ्या आणि सेक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी एस्सिटालोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी सुरू होऊन सात आठवडे झाले होते. झोप लागायला लागली होती, सकाळी उठावंसं वाटत होतं, वाजणारा फोन उचलत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाकी काही त्रास?" मी म्हणालो, "नाही, सगळं छान." उठलो, दारापर्यंत गेलो, मुठीवर हात ठेवून वळलो, "अजून एक..." म्हणालो, आणि "राहू द्या, पुढच्या वेळी" म्हणून बाहेर पडलो. ती पुढची वेळ यायला चार महिने गेले. शेवटी सांगितलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "अहो, मग तेव्हाच बोलायचं ना."

खालचे प्रश्न त्या चार महिन्यांत मला पडलेले आहेत, आणि नंतर ओळखीच्यांनी दबक्या आवाजात विचारलेले. मी डॉक्टर नाही, गोळ्या घेणारा माणूस आहे. हे वाचून गोळी सुरू, बंद, कमी, जास्त काहीही परस्पर करू नका. दाराशी जाऊन परत फिरणाऱ्यांनी निदान खुर्चीत बसल्या बसल्या बोलावं, यासाठी हे लिहिलं आहे.

हे खरंच गोळीमुळे होतं, की माझ्याच मनाचे खेळ आहेत?

खरंच होतं, आणि भरपूर जणांना होतं. १९९७ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी ३४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते एसएसआरआय गटातल्या, म्हणजे एस्सिटालोप्रॅमसारख्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या, गोळ्या घेत होते. आपणहून लैंगिक तक्रार सांगणारे निघाले १४ टक्के. त्याच लोकांना डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा आकडा गेला ५८ टक्क्यांवर. २००१ मध्ये त्याच गटाने १,०२२ जणांना विचारलं, तेव्हाही आकडा ५९ टक्क्यांच्या आसपासच आला.

१४ आणि ५८ यांच्या मधले सगळे लोक म्हणजे दाराच्या मुठीवर हात ठेवून परत फिरलेले लोक. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर हा दुष्परिणाम पुष्कळदा कमी प्रमाणात छापलेला दिसतो त्याचं एक मोठं कारण हेच. जुन्या चाचण्यांत कुणी आपणहून सांगितलं तरच नोंद व्हायची.

नक्की काय काय होऊ शकतं?

सगळ्यांत ठरावीक तक्रार म्हणजे ऑरगॅझम लांबणं किंवा अजिबात न येणं. सगळं सुरळीत चालू असतं, शेवटाच्या जवळ पोचल्यासारखं वाटतं, आणि तिथेच सगळं अडकून बसतं. पुरुषांत वीर्यपतनाला खूप वेळ लागतो. बायकांत तो क्षण येतच नाही, किंवा आला तरी इतका फिका की आला की नाही ते कळत नाही. त्याखालोखाल इच्छाच कमी होणं. मग ताठरता न येणं किंवा न टिकणं, योनीत ओलावा न येणं. काहींना जननेंद्रियांची संवेदनाच बोथट झाल्यासारखी वाटते, दाताला भूल दिल्यावर ओठ वाटतो तशी. ही शेवटची तक्रार लोक सगळ्यांत कमी सांगतात, कारण ती सांगायला शब्द सापडत नाहीत. वरची उपमा बिनधास्त वापरा.

गंमत म्हणजे हाच दुष्परिणाम काहींसाठी औषध आहे. शीघ्रपतनासाठी डॉक्टर याच गटातल्या गोळ्या देतात, आणि डॅपोक्सेटिन ही तर खास त्याच कामासाठी दिली जाणारी, लवकर उतरणारी एसएसआरआय आहे. म्हणजे गोळी वीर्यपतन लांबवते याबद्दल वैद्यकशास्त्राला तिळमात्र शंका नाही. तुम्हीही धरू नका.

डिप्रेशनमध्येही इच्छा जातेच. मग दोष गोळीचा की आजाराचा?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर बहुधा तारखांमध्ये सापडतं. गोळी सुरू होण्याआधी कसं होतं? आजारात इच्छा गेली असेल आणि गोळीने मन सावरल्यावर ती हळूहळू परत येत असेल, तर गोळी तुमच्या बाजूने आहे. पण आजारातही जे जमत होतं ते गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांत जमेनासं झालं, किंवा मन सुधारलं, भूक परतली, लोकांत मिसळायला लागलात आणि फक्त हीच एक गोष्ट मागे राहिली, तर संशय गोळीवर.

आणखी एक खूण. आजारात बहुधा इच्छा मरते. 'इच्छा आहे, सगळं होतंय, पण शेवट होत नाही' ही तऱ्हा गोळीची. एकट्याने करतानाही तसंच होत असेल तर नात्यातल्या कुरबुरीला दोष देण्याचं कारण कमी.

तिसरे संशयितही असतात हे मात्र विसरू नका. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या, केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टेराइड, प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन वाढवणारी रिस्पेरिडोनसारखी औषधं, दारू, बाळंतपणानंतरचे महिने, रजोनिवृत्ती. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

पण मेंदूच्या गोळीचा खालच्या अवयवांशी संबंध काय?

सेरोटोनिन हे रसायन फक्त मूड सांभाळत नाही. या गोळ्या ते मज्जापेशींच्या सांध्यांत जास्त वेळ राहू देतात, त्याने हळूहळू मन सावरतं. पण तेच सेरोटोनिन पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या काही ठिकाणी लैंगिक प्रतिसादाला आवर घालतं. शिवाय ओढ, हवंहवंसं वाटणं ज्याच्या जिवावर चालतं त्या डोपामिनलाही ते दाबून ठेवतं. पॅरोक्सेटिनसारख्या गोळीत भर म्हणून रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडवरही परिणाम होतो.

थोडक्यात, जिथे हवं तिथे सेरोटोनिन वाढतं, आणि जिथे नको तिथेही. गोळीला पत्ता वाचता येत नाही.

कोणत्या गोळीने जास्त होतं, कोणत्या गोळीने कमी?

जास्त त्रास देणाऱ्यांत एसएसआरआय गट येतो: पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम. यांत पॅरोक्सेटिनचं नाव बहुतेक अभ्यासांत वरच्या रांगेत असतं. एसएनआरआय गटातली (सेरोटोनिनबरोबर नॉरएड्रेनॅलिनही वाढवणारी) व्हेन्लाफॅक्सिनही त्यांच्याच जवळची, ड्युलोक्सेटिन जरा सौम्य. जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांपैकी क्लोमिप्रामिन या बाबतीत फारच खट्याळ. तिच्यावर असताना काही रुग्णांना जांभई येताच ऑरगॅझम आल्याच्या नोंदी १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या आहेत. असं होणारे अगदी मोजके. मला नाही आला तो अनुभव.

कमी त्रासाच्या बाजूला ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिन, अॅगोमेलाटिन आणि कमी डोसमधली व्हॉर्टिओक्सेटिन. व्हॉर्टिओक्सेटिन २० मिलीग्रॅमवर गेली की तिचाही फायदा बराच पुसला जातो.

ही यादी वाचून "मला ती दुसरी द्या" असा हट्ट धरून जाऊ नका. प्रत्येकीला आपापली खोड आहे. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्यांना आणि बुलिमिया-अॅनोरेक्सिया हे खाण्याचे विकार असणाऱ्यांना देत नाहीत, आणि अस्वस्थता-चिंता मुख्य असेल तर ती कधी कधी वाढवते. मिर्टाझापिनने झोप आणि वजन दोन्ही वाढतात. अॅगोमेलाटिनसाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. आणि ओसीडीसारख्या (तेच ते विचार आणि कृती पिच्छा सोडत नाहीत अशा) आजारात सेरोटोनिनवाल्या गोळीला सहजासहजी पर्याय नसतो.

थोडे दिवस थांबलं तर आपोआप जाईल?

काहींचं जातं. मळमळ, डोकेदुखी जशी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओसरते तसं हे सहसा ओसरत नाही. पूर्ण बरं होणारे साधारण दहांत एक धरा, आणखी काहींचं थोडं सौम्य होतं. आजार नवा असेल, गोळी नुकती लागू पडत असेल, तर डॉक्टर दोन-चार महिने थांबायला सांगतील आणि ते चूक नाही. मात्र 'थांबू' म्हणजे तारीख ठरवून थांबणं. बिनतारखेचं थांबणं मी केलंय. त्याला मनाशी 'संयम' असं नाव दिलं होतं, होती ती निव्वळ लाज.

सरळ गोळी बंद केली तर?

करू नका.

कारण एक: अचानक बंद केल्यावर चक्कर, मळमळ, चिडचिड, चित्रविचित्र स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन याबाबत बदनाम आहेत. कारण दोन: आजार परत येतो. तो लगेच येत नाही, हीच फसवणूक आहे. पहिले काही आठवडे छान जातात, सेक्सही सुधारतो, माणसाला वाटतं सुटलो. आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अंथरुणातून उठवत नाही. तेव्हा सेक्सची आठवणही होत नाही.

आधीच बंद केली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावले तर रागावले. ते औषध चालू आहे असं धरून पुढचे निर्णय घेतायत, हे त्यांच्या रागापेक्षा धोक्याचं आहे. आणि जगणं नको असे विचार यायला लागले असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना किंवा जवळच्या दवाखान्याला गाठा.

डॉक्टरांना सांगू कसं? तोंडच उघडत नाही.

कागदावर लिहून न्या. मी शेवटी तेच केलं. पाच वाक्यं होती आणि पाचही आठवतात: "गोळी सुरू होऊन पाच-साडेपाच महिने झाले. मूड चांगला आहे. तिसऱ्या आठवड्यापासून सेक्सच्या वेळी वीर्यपतन होत नाही, एकट्याने केलं तरी नाही. आधी असं नव्हतं. गोळी बंद करायची इच्छा नाही, पण हे असंच चालणं मला मान्य नाही." कागद पुढे सरकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. डॉक्टरांना तो वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

या कागदात काय होतं बघा: कधीपासून, नक्की काय, आधी कसं होतं, आणि मला किती टोचतंय. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. हा त्रास काहींना अजिबात टोचत नाही आणि काहींचा संसार हलवतो. तुम्ही कुठे बसता ते डॉक्टरांना तुमच्या चेहऱ्यावरून कळणार नाही. सोबत चालू असलेल्या इतर सगळ्या औषधांची यादी ठेवा. 'ती तर साधी बीपीची गोळी' असं म्हणून एकही गाळू नका. स्तनांच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण पॅरोक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑनसारख्या काही गोळ्या त्या औषधाचा परिणाम कमी करू शकतात.

काही डॉक्टर एक छोटी प्रश्नावली देतात, अॅरिझोना स्केल नावाची. पाच प्रश्न: इच्छा, उत्तेजना, ताठरता किंवा ओलावा, ऑरगॅझमपर्यंत पोचणं आणि त्यातलं समाधान. प्रत्येकाला १ ते ६ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी खुणा करणं फार सोपं पडतं.

आणि डॉक्टरांनी "आधी मन बरं करा, हे नंतर बघू" म्हणून विषय झटकला तर? एकदा आणखी शांतपणे विचारा: "नंतर म्हणजे कधी?" तरीही झटकला तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायला हरकत नाही. ती बेइमानी नव्हे.

डॉक्टर करू काय शकतात?

बरंच काही, पण कुठलीच युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही.

पहिला विचार सहसा डोस कमी करण्याचा. आजार काबूत असेल आणि डोस गरजेपेक्षा वर असेल तर तो हळूहळू उतरवून बघता येतो. माझं काम इथेच भागलं, २० मिलीग्रॅमवरून १५ वर. पूर्ववत झालं नाही, पण 'नाही'चं 'उशिरा' झालं.

दुसरा, गोळी बदलणं. जुनी उतरवत नवी चढवत न्यायची असते आणि ते वेळापत्रक डॉक्टरांचंच. फ्लुओक्सेटिन शरीरात इतकी रेंगाळते की तिच्यानंतर काही औषधं, उदाहरणार्थ डिप्रेशनच्याच जुन्या एमएओआय गोळ्या, सुरू करायला पाच आठवडे थांबावं लागतं. बदलातला खरा धोका असा की लागू पडलेली गोळी सोडून नवी लागू पडेलच याची हमी नाही. ज्यांना दोन-तीन गोळ्यांनंतर एकदाची एक लागू पडली, ते इथे कचरतात. योग्यच कचरतात.

तिसरा, जोडीला दुसरं औषध. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात दोन गोष्टी तग धरून राहिल्या. एक, ब्युप्रोपिऑन १५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. दिवसातून एकदा दिलेल्या डोसने मात्र फरक दिसला नव्हता. दुसरी, पुरुषांमध्ये ताठरतेसाठी सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा, ती निळी गोळी) किंवा टाडालाफिल. २००३ मध्ये डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्या ९० पुरुषांवर सिल्डेनाफिलची चाचणी झाली. निम्म्याहून जास्त जणांना स्पष्ट फरक पडला, आणि तुलनेसाठी नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांना. बसपिरोन वगैरेंचीही नावं कानावर येतात. काही डॉक्टर वापरतात, पुरावा मात्र पातळ आहे.

शनिवार-रविवार गोळीला सुट्टी दिली तर?

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. १९९५ मध्ये ३० रुग्णांवर ती खरोखर करून बघितली गेली: गुरुवारी सकाळी शेवटची गोळी, मग थेट रविवारी दुपारी. सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिनवाल्यांना त्या दोन-तीन दिवसांत फायदा झाला. फ्लुओक्सेटिनवाल्यांना नाही, कारण ती आणि तिच्यापासून शरीरात बनणारं रसायन उतरायला आठवडे लागतात.

पण अभ्यास छोटा होता, आणि वर सांगितलेले डोक्यातले झटके याच दोन दिवसांत गाठतात. चक्कर येत असताना कसला आलाय शृंगार! शिवाय सुट्टीची सवय लागली की सोमवारही सुट्टीत जातो. आज बरेच डॉक्टर याला नकारच देतात. व्हेन्लाफॅक्सिनच्या बाबतीत तर विचारही नको.

गोळी सेक्सनंतर घ्यायची, आधी नाही, हा याचाच सौम्य अवतार. सर्ट्रालिनसारख्या गोळीचा अंमल अर्धा उतरायलाच दिवसभर लागतो, त्यामुळे फार आशा ठेवू नका. पण डॉक्टरांच्या संमतीने गोळीची वेळ बदलण्यात नुकसानही नाही.

औषधाच्या दुकानातून ती निळी गोळी आणून घेऊ का?

छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर सिल्डेनाफिलने रक्तदाब जिवावर बेतेल इतका पडू शकतो. हृदयविकार, रक्तदाबाची काही औषधं, डोळ्यांचे काही आजार, सगळं विचारूनच ती द्यायची असते. आणि ती इच्छा आणत नाही. इच्छा असून शरीर साथ देत नसेल तरच तिचा उपयोग, हे न कळल्याने बरेच जण निराश होतात.

सगळे उपाय पुरुषांचेच दिसतायत. बायकांनी काय करायचं?

तक्रार खरी आहे. संशोधन झालंय तेही पुरुषांवर जास्त, आणि डॉक्टरही बायकांना हा प्रश्न कमी विचारतात. डोस कमी करणं, गोळी बदलणं, ब्युप्रोपिऑन जोडणं हे तिन्ही मार्ग बायकांनाही तेवढेच खुले आहेत, एवढं आधी पक्कं लक्षात ठेवा. सिल्डेनाफिलची ९८ स्त्रियांवरची चाचणी २००८ मध्ये आली. तिच्यात फायदा दिसला तो मुख्यतः ऑरगॅझमच्या बाबतीत, इच्छेच्या नाही. हा सर्रास दिला जाणारा उपाय नाही.

कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित लुब्रिकंट वापरा, आणि लाजत बोटभर नको, पुरेसं वापरा. तेल किंवा व्हॅसलीन कंडोमबरोबर चालत नाही, रबर फाटतं. रजोनिवृत्तीच्या आसपासचं वय असेल तर कोरडेपणाचं कारण हॉर्मोनही असू शकतं. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे उपाय आहेत.

व्यायामाचा एक अभ्यास मला आवडतो, कारण त्यात कुणाला काही गिळावं लागलं नाही. २०१४ मध्ये डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्या ५२ स्त्रियांना आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम करायला सांगितलं. तोच व्यायाम सेक्सच्या जरा आधी केला तेव्हा इच्छा वाढली. आणि ठरवून, नियमितपणे जवळ येण्याने ऑरगॅझममध्ये फरक पडला. 'ठरवून' हा शब्द ऐकून नाक मुरडलं जातं, मीही मुरडलं होतं. पण गोळीवर असताना इच्छा आपणहून दार वाजवेल याची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. काही जणींची इच्छा स्पर्शानंतर जागी होते, आधी नाही.

औषधांशिवाय घरात आणखी काय करता येईल?

वेळ वाढवा. पूर्वी दहा मिनिटांत होणारं आता अर्धा तास घेईल हे आधीच मान्य केलं की निम्मी घालमेल कमी होते. बोथट झालेल्या संवेदनेला जास्त, थेट आणि सलग उत्तेजना लागते. हात, तोंड, व्हायब्रेटर, जे दोघांना चालतं ते. दारू त्या दिवशी तरी टाळा.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास मांडलेली एक पद्धत सेक्स थेरपिस्ट आजही शिकवतात. काही दिवस संभोग आणि ऑरगॅझम दोन्हींवर बंदी. फक्त आलटून पालटून एकमेकांना स्पर्श करायचा, आधी जननेंद्रियं आणि स्तन सोडून, आणि कुठे काय वाटतंय एवढंच बघायचं. परीक्षाच रद्द केली की नापास होण्याची भीतीही जाते. पहिल्या दिवशी आम्हाला दोघांना नुसतं हसू येत होतं. तेही बऱ्याच दिवसांनी येत होतं.

बायकोला वाटतंय की आता ती मला आवडत नाही. काय सांगू?

जे आहे तेच, आणि अंथरुणात नाही. दिवसा, कपडे घातलेले असताना, चालता चालता सांगा. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सोप्या जातात. "गोळीमुळे माझं शरीर साथ देत नाहीये, तुझ्यामुळे नाही" हे वाक्य जसंच्या तसं उच्चारा. तिला कळलंच असेल असं गृहीत धरू नका. गप्प नवऱ्याच्या जागी बायको स्वतःच एक कारण रचते, आणि तिने रचलेलं कारण खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतं. हेच नवऱ्याशी बोलणाऱ्या बायकोलाही लागू, आणि कुठल्याही जोडीला.

ऑरगॅझमचं नाटक मात्र करू नका. एकदा केलं की पुढच्या वेळी खरं सांगणं दुप्पट अवघड होऊन बसतं.

माझा जोडीदार गोळी घेतो. मी काय करू?

"झालं का?" विचारू नका.

आम्हाला मूल हवं आहे. गोळीचा त्यावर परिणाम होतो का?

वीर्यपतनच होत नसेल तर अडचण उघड आहे. त्यापलीकडे, एसएसआरआयने शुक्रजंतूंच्या गुणवत्तेवर परिणाम होऊ शकतो असं काही अभ्यासांत दिसलंय, आणि गोळी थांबल्यावर तो उलटतो असंही. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. पॅरोक्सेटिन पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो टाळतात, इतर काही गोळ्या गरोदरपणातही चालू ठेवतात. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून स्वतः गोळी थांबवणं हा सगळ्यांत वाईट मार्ग, कारण गरोदरपणात उलटलेलं डिप्रेशन आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतं.

शक्तिवर्धक चूर्ण, कॅप्सूल?

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. अमेरिकेचं औषध प्रशासन त्याबद्दल सतत इशारे देत असतं. म्हणजे निळी गोळीच, फक्त डोस माहीत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेऊच नये. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो.

माझं उलट झालंय. इच्छा अचानक खूप वाढली आहे.

मन बरं झाल्याने वाढली असेल तर मजेत राहा. पण सोबत झोपेची गरजच संपलीय, डोक्यात विचारांची शर्यत लागलीय, पैसे उधळले जातायत, बोलणं थांबत नाही, असं असेल तर ते उन्मादाचं (मेनियाचं) लक्षण असू शकतं. लगेच डॉक्टरांना कळवा.

आणि एक वेगळी, दुर्मिळ पण तातडीची गोष्ट. ट्रॅझोडोन ही डिप्रेशनची गोळी घेणाऱ्या पुरुषाला इच्छा नसताना ताठरता आली आणि चार तासांत उतरली नाही, तर सरळ इमर्जन्सी विभाग गाठायचा. उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

गोळी थांबवल्यावर सगळं पूर्ववत होतं ना?

बहुतेकांचं होतं, काही दिवस ते काही आठवड्यांत. पण काही थोड्या लोकांमध्ये गोळी थांबल्यावरही संवेदना, इच्छा किंवा ऑरगॅझम परत येत नाही. महिनोन्महिने, क्वचित त्याहूनही जास्त. याला पीएसएसडी (पोस्ट-एसएसआरआय सेक्शुअल डिसफंक्शन) म्हणतात. बरीच वर्षं अशा रुग्णांना 'डिप्रेशन उरलं असेल' म्हणून घरी पाठवलं गेलं. २०१९ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने एसएसआरआय आणि एसएनआरआय गोळ्यांच्या माहितीपत्रकात ही शक्यता नोंदवायला सांगितलं, २०२१ मध्ये हेल्थ कॅनडानेही तसंच केलं. खात्रीशीर उपचार अजून नाही.

हे लिहू की नको यावर मी बराच वेळ अडलो. वाचून कुणी गोळी घ्यायलाच घाबरेल ही भीती. पण ज्याला हे होतंय त्याला ते जगात कुणालाच होत नाही असं वाटत राहणं जास्त वाईट. बहुसंख्यांना हे होत नाही. तुम्हाला होत असेल तर कधी थांबवली, काय उरलं, याच्या तारखा लिहून ठेवा आणि हे नाव घेऊन डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही अजून गोळी घेता?

घेतो. १५ मिलीग्रॅम, सकाळी. दर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारतात, "बाकी काही त्रास?" आणि आता मी बसल्या बसल्याच सांगतो.